हिमवादळाची तयारी आणि पंचगंगेचा महापूर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या ईशान्येकडील शहरांत हिमवादळ आले की त्याची बातमी कोल्हापुरातही आता परकी राहिलेली नाही. राजारामपुरी, ताराबाई पार्क, शाहूपुरी या भागांतील कितीतरी घरांतली मुले न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो, टोरांटो अशा शहरांत नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी आहेत, आणि दारापुढे कमरेइतका बर्फ साचल्याचे फोटो मोबाइलवर आले की इकडे आईवडिलांचा जीव टांगणीला लागतो. माझी मुलगी बॉस्टनला असते आणि तिच्याकडे मी एकाहून अधिक हिवाळे काढले आहेत. तिथे जे पाहिले, त्याचा आपल्या पंचगंगेच्या पुराशी फार जवळचा संबंध आहे असे मला वाटते, आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी ते महापालिका, जिल्हा प्रशासन व कोल्हापूरकर नागरिक यांच्यापुढे मांडावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

हिमवादळ म्हणजे केवळ पुष्कळ बर्फ पडणे नव्हे. ताशी सुमारे ५६ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचे वारे आणि उडत्या बर्फामुळे पाव मैलाच्या, म्हणजे साधारण ४०० मीटरच्या, पलीकडचे काही न दिसणे, ही स्थिती सलग तीन तास टिकली, तरच तेथील हवामान खाते त्याला हिमवादळ म्हणते. अशा वेळी घराबाहेर पडलेला माणूस आपल्याच गल्लीत वाट चुकू शकतो. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये एकूण ११० इंचांहून अधिक, म्हणजे नऊ फुटांच्या वर, बर्फ पडला आणि त्यातला बराचसा अवघ्या काही आठवड्यांत पडला. शहराची लोकल रेल्वे कोलमडली, शाळा पुन्हा पुन्हा बंद ठेवाव्या लागल्या. तरीही त्या शहरातील वस्त्या एकदम हतबल झाल्या नाहीत. याचे श्रेय आपण सहसा श्रीमंतीला आणि यंत्रांना देतो. बर्फ लोटणारी मोठी वाहने आणि रस्त्यावर टाकायचे मीठ त्यांच्याकडे मुबलक आहे, हे खरेच. परंतु माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. कोणते काम कोणी, कोठे आणि किती तासांत करायचे, हे बर्फ पडण्यापूर्वी ठरलेले असते आणि ते प्रत्येक घराला माहीत असते.

त्यातील पहिली गोष्ट गाड्यांची. वादळाचा अंदाज पक्का झाला की बॉस्टन शहर आणीबाणी जाहीर करते आणि कोणत्या वेळेपासून मुख्य रस्त्यांवर गाडी उभी करता येणार नाही, हे मोबाइलवर, फोनवर आणि दूरचित्रवाणीवर कळवते. या रस्त्यांवर तशा पाट्या कायमच्या लावलेल्या असतात, त्यामुळे कोणता रस्ता यात येतो याबद्दल वाद उरत नाही. गाडी हलवली नाही तर ती उचलून नेली जाते व दंड होतो. मात्र केवळ बंदी घालून शहर मोकळे होत नाही. त्या भागातील रहिवाशांना ठरावीक वाहनतळांवर सवलतीच्या दरात गाडी ठेवण्याची सोयही केली जाते. मुलीच्या गल्लीत मी असे एक वादळ पाहिले. संध्याकाळी निरोप आला आणि तासाभरात शेजारीपाजारी खाली उतरले. कोणी आपली गाडी वाहनतळावर नेली, कोणी शेजारच्या आजीबाईंची किल्ली मागून घेतली आणि त्यांची गाडी हलवून दिली. अंधार पडण्याआधी रस्ता मोकळा झाला होता आणि बर्फाचा अजून एक कणही पडलेला नव्हता. शिकागोचा नियम तर याहून कडक आहे. तिथे १ डिसेंबर ते १ एप्रिल या काळात पहाटे ३ ते ७ या वेळेत १०७ मैल लांबीच्या मुख्य रस्त्यांवर गाडी लावताच येत नाही, मग बर्फ पडो वा न पडो. त्यामुळे ऐन वेळी घोषणा करण्याची गरजच राहत नाही आणि लोकांच्या अंगवळणी पडलेला नियम वादळाच्या रात्रीही पाळला जातो.

दुसरी गोष्ट फूटपाथची. बॉस्टनमध्ये बर्फ थांबल्यापासून तीन तासांच्या आत आपल्या इमारतीपुढचा फूटपाथ मोकळा करणे ही घरमालकाची जबाबदारी असते; रात्री बर्फ थांबला तर हे तीन तास सूर्योदयापासून मोजतात. मोकळी केलेली वाट किमान ४२ इंच रुंद असली पाहिजे. ही रुंदी चाकाची खुर्ची आणि बाळाची ढकलगाडी जाईल अशा बेताने धरलेली आहे. नियम करणाऱ्याने चालू न शकणाऱ्या माणसाचा विचार आधी केला, ही बाब मला फार मोलाची वाटली. सकाळी सात वाजता गल्लीतील प्रत्येक दारापुढे फावड्यांचा खरखराट सुरू होतो, आणि म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या दारापुढचा बर्फ शेजारचा तरुण न सांगता काढतो, कारण ओला बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येऊन दर हिवाळ्यात माणसे दगावतात, हे तिथे लहान मुलांनाही ठाऊक असते. रस्त्याकडेचा अग्निशमनाचा नळ आणि सांडपाण्याची जाळी मोकळी ठेवण्याचे आवाहनही नागरिकांना केले जाते.

हे सर्व तिकडे नेहमीच नीट पार पडते, असा गैरसमज मी करून देऊ इच्छित नाही. १९७९ च्या जानेवारीत शिकागोत प्रचंड बर्फ पडला, रस्ते साफ होईनात, लोकल गाड्या वेळेवर धावेनात, आणि पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणुकीत तत्कालीन महापौर मायकेल बिलँडिक यांना जेन बर्न यांनी हरवले. त्या पराभवाचे मोठे कारण बर्फ हेच मानले जाते. २०२२ च्या नाताळात बफेलो शहर आणि परिसरात आलेल्या हिमवादळाने चाळीसहून अधिक बळी घेतले. वादळाचा इशारा काही दिवस आधीपासून होता. वाहनबंदीचा आदेश मात्र शुक्रवारी सकाळी साडेनऊपासून लागू झाला आणि तोपर्यंत अनेक लोक कामावर निघून गेले होते. काही जण गाडीतच अडकून मरण पावले, काही रस्त्यावर, काही वीज गेलेल्या थंडगार घरांत, आणि काही केवळ रुग्णवाहिका पोहोचू न शकल्यामुळे. मृतांमध्ये कृष्णवर्णीय नागरिकांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होते. पैसा आणि यंत्रे असलेल्या देशातील, बर्फाची शंभर वर्षांची सवय असलेल्या शहराची ही गत झाली, ती एक आदेश काही तास उशिरा निघाल्यामुळे अधिक बिकट झाली. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आपण जे भोगले, त्याच्याशी हे ताडून पाहावे.

बफेलोचा बर्फ आणि कोल्हापूरचा पूर यांच्या जन्माची रीतही पुष्कळशी सारखी आहे. ईरी सरोवराच्या तुलनेने उबदार पाण्यावरून थंड वारे वाहतात, वाटेत बाष्प उचलतात आणि किनाऱ्यावरच्या बफेलोवर बर्फ ओततात. आपल्याकडे अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या तालुक्यांत कोसळतात, आणि कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांतून ते पाणी प्रयाग चिखलीच्या संगमावरून आपल्या दाराशी येते. शहरात स्वच्छ ऊन पडलेले असतानाही पंचगंगा फुटाफुटाने चढत असते, आणि राधानगरी धरण भरून त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आपण पुढच्या काही तासांचा हिशेब करू लागतो. याचा अर्थ असा की आपल्याला वेळ मिळतो. भूकंप असा वेळ देत नाही. पंचगंगा मात्र सांगून येते. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे कोल्हापुरातील शाळकरी मुलालाही तोंडपाठ आहेत. २०१९ मध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला, शहरातले पेट्रोल संपत आले, पाणीउपसा केंद्रे बुडाल्याने भोवती पाणीच पाणी असताना नळ कोरडे पडले. २०२१ च्या जुलैमध्ये हेच सारे पुन्हा भोगावे लागले.

पण राजाराम बंधाऱ्यावरील फूट आणि माझ्या घराचा उंबरा यांचे नाते मला कोण सांगणार? पाणी प्रथम सुतारवाड्यात शिरते, मग जयंती नाल्याच्या फुगवट्याने शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, व्हीनस कॉर्नरकडे, लक्ष्मीपुरीच्या सखल भागात, आणि दुसऱ्या बाजूने नागाळा पार्क, रमणमळ्याकडे सरकते. कितव्या फुटाला कोणत्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते, हे त्या त्या गल्लीतील जुन्या माणसांना बिनचूक माहीत असते. कित्येकांनी घराच्या भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेघा रंगाने आखून ठेवल्या आहेत. मात्र ही माहिती जुन्या माणसांपाशीच राहते. दोन वर्षांपूर्वी भाड्याने राहायला आलेल्या कुटुंबाला, वसतिगृहातील विद्यार्थ्याला, तळमजल्यावरील दुकानातील परप्रांतीय कामगाराला ती ठाऊक नसते, आणि पाणी आत आल्यावरच त्याला ती कळते.

म्हणून माझी पहिली विनंती महापालिकेला आहे. ज्या ज्या गल्लीत पाणी येते, तिच्या तोंडाशी एक कायमचा खांब उभारावा आणि त्यावर राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचे फूट लिहावेत. म्हणजे ‘बंधाऱ्यावर इतके फूट असताना येथे घोटाभर, इतके फूट असताना कमरेइतके’ असे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वाचता येईल. बर्फाळ शहरांत अग्निशमनाच्या नळांना आणि रस्त्यांच्या कडांना उंच काठ्या लावतात, म्हणजे सारे पांढरे झाल्यावरही खाली काय आहे ते चालकाला कळते. आपला खांबही तसेच दुहेरी काम करील: आधी इशारा देईल आणि पाण्यात नाव घालणाऱ्या जवानाला खोलीही सांगेल. त्याच खांबावर त्या गल्लीचे निवारा केंद्र कोणते, तिथे जायची वाट कोणती, आणि कितव्या फुटाला घर सोडायचे, हेही लिहिलेले असावे. सुतारवाड्यातील कुटुंबांना दसरा चौकातील चित्रदुर्ग मठात हलवले जाते, हे वर्षानुवर्षे चालत आले आहे आणि म्हणूनच ते स्थलांतर शहरात सर्वांत सुरळीत होते. बाकीच्या वस्त्यांना असा नेमका पत्ता आधीपासून का मिळू नये?

दुसरी विनंती वाहनांबाबत आहे. पाणी चढू लागले की सखल भागातील चारचाकी गाड्या उंचावरच्या रस्त्यांवर येतात आणि दोन्ही कडांना मिळेल तिथे उभ्या राहतात. ज्याची गाडी आहे त्याचा यात दोष नाही, कारण गाडी न्यायची कोठे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पण त्याच वाटेने रुग्णवाहिका, बचावपथकाची नाव वाहून आणणारा ट्रक आणि पाण्याचे टँकर यायचे असतात. शहराच्या उंच भागातील मैदाने, शाळांची पटांगणे, मंगल कार्यालयांची आवारे यांतील काही जागा गाड्यांसाठी मे महिन्यातच ठरवाव्यात, आणि बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की ठरावीक मुख्य रस्त्यांवर गाडी उभी करण्यास आपोआप मनाई व्हावी. ‘आपोआप’ या शब्दावर माझा भर आहे. ४३ फुटांची वाट पाहून, बैठक घेऊन, मग आदेश काढायचा, यात जे तास जातात, तेच तास बफेलोला महागात पडले.

याच संदर्भात पूर पाहायला होणाऱ्या गर्दीविषयी लिहिणे भाग आहे. शिवाजी पूल, पंचगंगा घाट, गायकवाड पुतळा, जिथून म्हणून पाणी दिसते तिथे लहान मुलांना घेऊन माणसे येतात. नदीविषयीची ओढ मी समजू शकते; आपण सारेच या नदीच्या काठावर वाढलो आहोत. परंतु बचावकार्य चालू असताना पोलिसांचे अर्धे बळ बघ्यांना आवरण्यात खर्ची पडते, हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. हिमवादळाच्या रात्री रस्त्यावर दिसलेल्या अनावश्यक गाडीला तिथे दंड होऊ शकतो, आणि लोक हा नियम मनापासून मान्य करतात, कारण अडकलेली एक गाडी म्हणजे मागच्या रुग्णवाहिकेची अडवलेली वाट. आपल्याकडेही असा नियम करावा आणि तो सर्वांना, ओळखीपाळखी बाजूला ठेवून, सारखा लावावा.

प्रशासनाने करायच्या गोष्टी मी लिहिल्या, पण ४२ इंचांच्या वाटेची जबाबदारी जशी प्रत्येक घराकडे असते, तसा आपलाही वाटा ठरला पाहिजे. कोल्हापूरइतके तालमींचे आणि तरुण मंडळांचे जाळे क्वचितच दुसऱ्या शहरात असेल. २०१९ मध्ये आणि त्यानंतरही या मंडळांच्या मुलांनी छातीइतक्या पाण्यातून म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन बाहेर काढले, उंच भागातील घराघरांतून भाकरी गोळा करून पोहोचवल्या. हे शहर त्यांचे ऋणी आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की ही धावपळ पाणी आल्यावर सुरू होते, तिचा काही भाग पाणी येण्याआधी व्हावा. प्रत्येक मंडळाने आपल्या गल्लीची एक यादी जूनपूर्वी करावी: अंथरुणाला खिळलेले कोण, डायलिसिसला जाणारे कोण, इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवावे लागणारे कोण, गरोदर कोण, एकटे राहणारे कोण, आणि गल्लीत नवे भाडेकरू कोण. यादीतील प्रत्येक नावापुढे एका तरुणाचे नाव असावे. ३९ फूट झाले की त्याने त्या दारावर जाऊन थाप मारावी. शिकागो, न्यूयॉर्कसारख्या शहरांतही वादळापूर्वी नागरिकांना पहिली सूचना हीच असते की शेजारच्या वृद्धाची चौकशी करा. इतकी यंत्रे असूनही त्यांना हे सांगावे लागते.

कुंभार बांधवांचा प्रश्न मात्र शेजाऱ्यांनी सोडवण्यापलीकडचा आहे. पूर नेमका जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे गणेशोत्सवाच्या तोंडावर येतो. तेव्हा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पमध्ये मूर्ती तयार होऊन, काही रंगून, रांगेने उभ्या असतात. गल्लीच्या टोकाला पाणी दिसले की घरातील बायामुलांसह सगळे ओल्या, अर्धवट सुकलेल्या मूर्ती उचलू लागतात. ओल्या मूर्तीचा हात धरून चालत नाही, ती बुडाखाली फळी घालूनच उचलावी लागते, आणि एक मोठी मूर्ती हलवायला चार माणसे लागतात. पाणी त्यांच्यापेक्षा वेगाने येते. वर्षभराची कमाई आणि कर्जाचा पैसा असा एका रात्रीत चिखल होतो. या कारागिरांना जूनपासून गणेशोत्सवापर्यंत उंच भागात छप्पर असलेली जागा महापालिकेने नाममात्र भाड्याने दिली, तर ऐन पुरात त्यांच्यासाठी ट्रक शोधण्याची वेळ येणार नाही आणि भरपाईचे पंचनामेही कमी करावे लागतील.

पूर ओसरल्यानंतरचे दिवस हे माझ्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित आहेत. बर्फ आणि पाणी यांत एक मोठा फरक आहे. बर्फ काढून कोठेतरी नेऊन टाकावा लागतो. पाणी आपले आपण जाते, पण मागे गाळ ठेवते. कॅनडातील माँट्रियल शहर रस्त्यावरचा बर्फ ट्रकांत भरून आधीच ठरवलेल्या जागी, जुन्या दगडखाणीतसुद्धा, नेऊन टाकते, आणि कोणत्या रस्त्यावर ट्रक येणार आहेत हे पाट्या लावून व भोंगा वाजवून कळवते. बॉस्टनमध्ये २०१५ साली उचलून एका जागी रचलेल्या बर्फाचा शेवटचा ढीग जुलैच्या मध्यापर्यंत वितळत होता आणि त्यातून कितीतरी कचरा बाहेर आला. आपल्याकडे पूर ओसरला की भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटे, सडलेले धान्य, वह्यापुस्तके सारे दारापुढे येते, आणि त्याच अरुंद रस्त्यावर गाळ उपसणारी जेसीबी, पाण्याचा टँकर आणि पंचनाम्याला आलेले तलाठी एकमेकांची वाट अडवतात. कोणत्या गल्लीतील गाळ व कचरा कोणत्या दिवशी उचलणार, तो कोठे टाकणार, आणि गाळ पुन्हा त्याच नाल्यात जाणार नाही याची खबरदारी कोण घेणार, हे पत्रक पूर येण्याआधी तयार हवे. ज्यांच्या घरात गाळ शिरला त्यांनी उपसण्यापूर्वी फोटो काढून ठेवावेत, उघड्या पायांनी गाळात उतरू नये आणि ताप आल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका ध्यानात घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. विजेचे मीटर आणि मुख्य स्विच २०१९ च्या रेघेच्या वर बसवून घेणे, हे काम तर आजच करता येण्यासारखे आहे.

याला कोणी असे उत्तर देईल की ही सगळी मलमपट्टी झाली. नदीच्या पूररेषेत भराव टाकून इमारती उभ्या राहत असतील, नाले आक्रसत असतील, तर खांब आणि याद्या काय करणार? हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. नदीलगतच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम होता कामा नये आणि तिच्यापलीकडच्या लाल पूररेषेच्या आत ते निर्बंधांखेरीज होता कामा नये, यावर तडजोड नसावी. २०१९ च्या पुरानंतर त्याच्या अभ्यासासाठी नेमलेल्या वडनेरे समितीच्या शिफारशींवर किती काम झाले, याचाही हिशेब नागरिकांनी मागत राहिले पाहिजे. मात्र ती लढाई वर्षानुवर्षांची आहे आणि पाऊस दर जूनमध्ये येतो. बफेलोतील सरोवर कोणी हलवू शकत नाही, तरी कोणत्या तासाला रस्ता बंद करायचा हे ठरवता येते. आपल्यालाही सह्याद्रीचा पाऊस थांबवता येणार नाही, पण कोणत्या फुटाला कोणी काय करायचे हे लिहून ठेवता येईल.

तेव्हा माझी सूचना अशी की महापालिकेच्या प्रत्येक विभागीय कार्यालयाने मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आपापल्या भागातील तालमी, मंडळे, महिला बचत गट, रिक्षा संघटना, डॉक्टर, कुंभार समाज आणि गल्लीतील जुनी माणसे यांची एक बैठक बोलवावी. तीत गल्लीनिहाय पातळ्या, निवारा केंद्रे आणि वाहनतळ निश्चित करावेत, आणि तो तक्ता मे अखेरपर्यंत प्रत्येक घरी पोहोचवावा. मराठीबरोबरच तो हिंदी आणि कन्नड भाषांतही छापावा, कारण तळमजल्यावर झोपणाऱ्या कामगारांपैकी अनेकांना मराठी वाचता येत नाही. आपल्या दैनिकाने हा तक्ता प्रभागवार प्रसिद्ध केला, तर तो कात्रण करून भिंतीवर लावणाऱ्यांत मी असेन, आणि शाहूपुरीतील बैठकीला यायची व आमच्या गल्लीची यादी करण्याची जबाबदारी घ्यायची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
शाहूपुरी, कोल्हापूर